ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स व त्यांच्या मायभूमींतील मंदिरें

धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगीं मंदिराचा पाया घालणारे, देणग्या देणारे व वेदीची सेवा करणारे यांचें कृतज्ञतेनें स्मरण करण्याची आपली रीति आहे, व ती योग्यच आहे. परंतु ज्यांनीं आमच्या गांवांत दगडाचें मंदिर बांधिलें नाहीं, तरी ज्यांच्या ऋणांत प्रत्येक मराठी भाषिक कॅथलिक आहे, अशा एका पुरुषाचें चरित्र या प्रसंगीं वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें. ते म्हणजे ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स. ते इंग्लंडांत जन्मले, गोमंतकांत सुमारें ४० वर्षें राहिले, मराठी ओवींत प्रभु येशूचें चरित्र गाइलें व गोमंतकांतच त्यांनीं देह ठेविला. त्यांचें नांव आपणांपैकीं बहुतेकांच्या कानांवर आहे. परंतु ते कोणत्या गांवचे, कोणत्या मंदिरांच्या छायेंत वाढले व तीं मंदिरें सोडून इतक्या दूर कां आले, याची माहिती थोड्यांसच असते. म्हणून आम्ही वाचकांस प्रथम इंग्लंडच्या ग्रामीण भागांत नेतों.

इंग्लंडच्या दक्षिण भागांत विल्टशायर नांवाचा परगणा आहे. स्विंडन शहराच्या नैर्ऋत्येस, खडूच्या उंच माळाची कड जेथें एकदम खालीं उतरते, तेथें क्लिफ पायपर्ड हें लहानसें गांव वसलें आहे. आपल्याकडे भोरच्या हिरडस मावळांत किंवा वेल्ह्याच्या कानद खोऱ्यांत डोंगराच्या कुशीस बिलगून जशीं गांवें असतात, तशीच कांहींशी या गांवाची ठेवण आहे. मात्र वाचकांनीं तोरण्या-राजगडाचे काळे कडे मनांत आणूं नयेत. तेथील टेकडी आपल्या मानानें ठेंगणी व झाडीनें झांकलेली आहे. या उताराच्या पायथ्याशीं संत पेत्राचें जुनें दगडी मंदिर उभें आहे. त्याचा बराच भाग पंधराव्या शतकांतील असून एकोणिसाव्या शतकांत त्याचा जीर्णोद्धार झाला. याच धर्मग्रामांत बुश्टन नांवाची वाडी मोडते; बिशपाची वाडी असा त्या नांवाचा मूळ अर्थ आहे. तेथें १५४९ च्या सुमारास थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचें नांवहि थॉमसच होतें. पुढें कित्येक लेखकांनीं आमच्या चरित्रनायकांस त्यांच्या गांवावरून बुस्तन असेंच म्हटलें आहे. येणेंप्रमाणें त्या लहानशा वाडीचें नांव समुद्र ओलांडून आमच्या किनाऱ्यास आलें.

अशा ग्राममंदिराचें त्या काळीं काय स्वरूप होतें, हें समजल्यावांचून स्टीफन्स यांचें चरित्र समजणार नाहीं. इंग्लंडांतील खेड्यापाड्यांतून शेंकडों वर्षें मिस्साबलि अर्पण होत आला होता. भिंतींवर संतांचीं चित्रें, वेदीच्या अलीकडे उंचावर प्रभूचा मोठा क्रूस, बाजूस पवित्र मरियेची मूर्ति, आणि भोंवतीं गांवांतल्याच पूर्वजांच्या कबरी, असें त्या मंदिरांचें रूप असे. परंतु १५४९ सालीं सहाव्या एडवर्ड राजाच्या सरकारनें लॅटिन मिस्सा बंद करून नवें इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचें केलें, व त्यानंतर थोड्याच काळांत दगडी वेद्या काढून लांकडी मेजें मांडण्याचे हुकूम सुटले. १५५३ सालीं मेरी राणी गादीवर आली व मिस्सा पुन्हां सुरू झाला. १५५९ सालीं एलिझाबेथ राणीच्या कायद्यानें तो पुन्हां बंद झाला; नव्या उपासनेस जो हजर राहणार नाहीं त्यास दर रविवारीं १२ पेन्स दंड ठरला. म्हणजे स्टीफन्स दहा वर्षांचे होतात न होतात तोंच त्यांच्या देशांतील मंदिरांची उपासना तीनदां बदलली होती. मंदिराच्या भिंती त्याच होत्या, घंटाहि त्याच होत्या; परंतु ज्या वेदीसाठीं तें सारें उभारलें होतें, ती वेदी तेथें राहिली नव्हती.

ही गोष्ट खेड्यांपुरती नव्हती. विल्टशायरचें मुख्य धर्मपीठ साल्झबरी येथें आहे. तेथील कथीड्रलाचा मुख्य भाग १२२० ते १२५८ या काळांत, म्हणजे एकाच पिढीच्या हातून, उभा राहिला. म्हणूनच त्याच्या रचनेंत एकसारखेपणा दिसतो. त्यावरील निमुळतें शिखर ४०४ फूट उंच असून ब्रिटनमध्यें तें सर्वांत उंच गणलें जातें. याच धर्मपीठाच्या नांवानें ओळखली जाणारी मिस्सापद्धति एके काळीं इंग्लंडच्या बऱ्याच भागांत चालत असे; स्टीफन्स यांच्या बालपणीं तीहि त्या देशांतून उठली.

त्यांचें शिक्षण विंचेस्टर येथें झालें. तेथील विद्यालय १३८२ सालीं बिशप विल्यम ऑफ विकम यांनीं ७० गरीब विद्यार्थ्यांसाठीं स्थापिलें, व तें आजहि चालू आहे. विद्यालयाजवळच तेथील विशाल कथीड्रल आहे. त्याचें बांधकाम १०७९ सालीं सुरू झालें. लांबीच्या बाबतींत युरोपांतील मध्ययुगीन कथीड्रलांमध्यें त्याची गणना पहिल्या प्रतीच्या मंदिरांत होते. त्याच्या मुख्य दालनाच्या नव्या रूपाचें काम बिशप विकम यांनीं पुढें नेलें, व त्याच दालनांत त्यांची समाधि आहे. या मंदिरांत संत स्विदन यांचें पवित्र स्थान होतें व दूरदूरचे यात्रेकरू तेथें येत. १५३८ सालीं आठव्या हेन्री राजाच्या अधिकाऱ्यांनीं तें रात्रीं फोडून टाकिलें. याच कथीड्रलांत १५५४ सालीं मेरी राणीचा स्पेनच्या फिलिपाशीं विवाह झाला. आणि योगायोग असा कीं, हाच फिलिप पुढें पोर्तुगालचाहि राजा होऊन गोमंतकाचा धनी झाला. विंचेस्टरच्या विद्यार्थ्यांत जुन्या धर्माची आस्था त्या काळींहि बरीच शिल्लक होती, व तेथून पुढें अनेकजण देश सोडून कॅथलिक धर्मगुरू होण्यास गेले.

विंचेस्टरचेच एक जुने विद्यार्थी थॉमस पौंड यांचा स्टीफन्स यांच्या आयुष्यावर मोठा परिणाम झाला. पौंड हे हॅम्पशायरमधील श्रीमंत घराण्यांतले असून राणीच्या दरबारीं वावरत असत. दरबारांत नृत्याच्या प्रसंगीं झालेल्या अपमानानें त्यांचें मन ऐहिक वैभवावरून उडालें असें सांगतात. ते दरबार सोडून जुन्या धर्माच्या आचरणांत व छळ सोसणाऱ्यांच्या सेवेंत काळ घालवूं लागले. स्टीफन्स त्यांच्याजवळ कांहीं काळ राहिले. बाहेरच्या लोकांस संशय येऊं नये म्हणून ते त्यांचे नोकर म्हणून वावरत. दोघांनींहि रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करण्याचा निश्चय केला. परंतु निघण्यापूर्वींच पौंड पकडले गेले, व त्यांच्या आयुष्याचीं पुढील सुमारें ३० वर्षें एका तुरुंगांतून दुसऱ्या तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोंचले व १५७५ च्या ऑक्टोबरांत संघाच्या नवशिष्यालयांत दाखल झाले. तेथें ते मित्रास विसरले नाहींत. १५७८ सालीं त्यांनीं पौंड यांची हकीकत संघाच्या मुख्याधिकाऱ्यांपुढें मांडिली, व तुरुंगांत असलेल्या पौंड यांस त्याच वर्षीं संघांत घेण्यांत आलें.

यानंतर स्टीफन्स यांनीं मायदेशीं परत जावयाचें नाहीं, हिंदुस्थानांत जावयाचें असें ठरविलें. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून पांच जहाजें निघालीं, त्यांपैकीं एकांत ते होते. सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून २४ ऑक्टोबर रोजीं ते गोव्यास पोंचले. हिंदुस्थानांत येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचें नांव बहुधा घेतलें जातें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांनीं वडिलांस प्रवासाचें सविस्तर वर्णन लिहून पाठविलें. वारे, प्रवाह, होकायंत्राच्या सुईचें विचलन, आजारी खलाशी, समुद्रपक्षी, या सर्वांची त्यांत नोंद होती. तें पत्र हॅक्लुइट यांच्या प्रवासवर्णनांच्या प्रसिद्ध संग्रहांत त्याच शतकाच्या अखेरीस छापलें गेलें. ज्या देशांत धर्मासाठीं त्यांस जागा नव्हती, त्या देशानें त्यांचें पत्र मात्र मोठ्या आवडीनें वाचलें.

स्टीफन्स यांची नेमणूक दक्षिण गोमंतकांतील साष्टी भागांत झाली, व त्यांच्या आयुष्याचा बहुतेक काळ तेथेंच गेला. येथें एक अवघड गोष्ट सांगणें आम्हांस प्राप्त आहे. ते येण्यापूर्वीं बारा वर्षें, १५६७ सालीं, पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं साष्टींतील शेंकडों देवळें पाडलीं होतीं. लोकांच्या पोथ्या घेतल्या गेल्या होत्या व जुने सण-विधि उघडपणें करण्यास मनाई होती. स्वतःच्या देशांत राजाज्ञेनें वेद्या फोडलेल्या ज्यानें पाहिल्या, तो मनुष्य दुसऱ्या एका राजाच्या राज्यांत अशा ठिकाणीं आला कीं, जेथें दुसऱ्यांचीं देवळें राजाज्ञेनेंच फोडलीं गेलीं होतीं. या दोहोंची तुलना त्यांच्या मनांत आली किंवा कसें, याचा तर्क आम्ही करीत नाहीं. परंतु श्रद्धेच्या वास्तूवर सत्तेचा घण पडला म्हणजे मनें कशीं दुभंगतात, हें आजच्या वाचकांनीं दोन्ही ठिकाणीं सारख्याच न्यायानें पाहिलें पाहिजे.

त्याचें फळ लवकरच दिसलें. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी येथें फादर रुडोल्फ आक्वाव्हीवा यांच्यासह येशूसंघाचे पांचजण व त्यांच्याबरोबरचे इतर ख्रिस्ती लोक संतप्त गांवकऱ्यांच्या हातून मारले गेले. स्टीफन्स तेव्हां साष्टींतच कार्य करीत होते. आपल्या बंधूंचे देह परत मिळवून त्यांस मूठमाती देण्याचें दुःखद काम त्यांच्यावर आलें. ख्रिस्तसभेनें १८९३ सालीं त्या पांचांस धन्यवादित म्हणून घोषित केलें. पुढें पोर्तुगीज सरकारनें कुंकळ्ळीच्या प्रमुख गांवकऱ्यांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून ठार मारिलें, हेंहि इतिहासानें नोंदविलें आहे, व तें आम्हीं लपवूं नये. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत स्टीफन्स यांनीं पॅरिस येथील आपल्या भावास पत्र लिहिलें. त्यांत या भयंकर घटनेच्या हकीकतीबरोबरच येथील भाषांविषयींहि मजकूर आहे. या भाषांचे उच्चार कानास गोड आहेत व त्यांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे, असें त्यांनीं कळविलें. युरोपीय पंडितांनीं या भाषासंबंधाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, त्याच्या सुमारें दोनशें वर्षें आधींची ही गोष्ट आहे. ज्या वर्षीं त्यांनीं आपले सोबती पुरले, त्याच वर्षीं ते मारेकऱ्यांच्या भाषेचें सौंदर्य सांगत होते, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

त्यांच्या स्वभावाची आणखी एक साक्ष त्याच वर्षाच्या अखेरची आहे. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी व त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज प्रवासी हेर असल्याच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगांत टाकले गेले. ते प्रॉटेस्टंट राणीचे प्रजाजन, आणि त्याच राणीच्या राज्यांत स्टीफन्स यांचा मित्र तुरुंगांत खितपत होता. तरीहि स्टीफन्स यांनीं खटपट करून जामिनावर त्यांची सुटका करविली. त्या चौघांपैकीं जेम्स स्टोरी हा चित्रकार होता. तो गोव्यांतच राहिला व संघाच्या मंदिरांत चित्रें काढण्याचें काम करूं लागला.

आतां त्यांच्या आयुष्यांतील मुख्य कार्याकडे वळूं. साष्टींतील ख्रिस्ती लोक धर्मशिक्षणाचीं प्रश्नोत्तरें पाठ करीत असत. परंतु तेवढ्यानें त्यांचें मन भरत नव्हतें. आपल्या मावळांत पावसाळ्याच्या दिवसांत गांवोगांव पोथी लावण्याची व सर्वांनीं जमून ती ऐकण्याची जी चाल आहे, ती ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस या लोकांची तहान कळेल. त्यांच्या जुन्या पोथ्या गेल्या होत्या व त्यांच्या जागीं नव्या कोणी दिल्या नव्हत्या. एके रविवारीं धर्मशिक्षणाच्या वेळीं एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थानें, आम्हांस आमच्या भाषेंत पुराण कां नसावें, अशा आशयाची विनंति केली, असा वृत्तांत स्टीफन्स यांनीं ग्रंथारंभींच दिला आहे. ख्रिस्तपुराण हें त्या विनंतीचें उत्तर होय.

हें उत्तर देण्यास त्यांस अनेक वर्षें लागलीं. त्यांनीं महाराष्ट्रांतील संतकवींच्या ओवीची धाटणी आत्मसात केली. श्रीएकनाथ महाराज १५९९ पर्यंत हयात होते, म्हणजे दोघांचा काळ बराचसा एकच. येथील भक्तांच्या तोंडीं रुळलेले वैकुंठ, मुक्ति, भक्ति इत्यादि शब्द त्यांनीं टाकून दिले नाहींत. त्याच शब्दांत त्यांनीं ख्रिस्ती अर्थ भरला. रत्नें, फुलें, सुगंध व पक्षी यांच्या उपमा देऊन त्यांनीं मराठीची जी स्तुति केली, ती आज शाळेंतील मुलांसहि परिचित आहे. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतची कथा ३६ अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत, आली आहे. दुसऱ्यांत प्रभूचा जन्म, शिकवण, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान यांची कथा ५९ अवस्वरांत आहे. एकूण ओव्या १०,९६२ भरतात. भाषा मराठी असून तींत कोंकणी शब्द जागोजाग मिसळले आहेत, जेणेंकरून साष्टीच्या शेतकऱ्यासहि कथा कळावी.

हा ग्रंथ देशी लिपींतच छापला जावा, अशी त्यांची इच्छा होती. १६०८ सालीं त्यांनीं रोमला पत्र पाठवून देशी अक्षरांचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली. जोडाक्षरांमुळें खिळ्यांची संख्या फार वाढते ही अडचण होती. अखेर तो हेतु सिद्धीस गेला नाहीं. १६१६ सालीं राशोल येथें ख्रिस्तपुराण रोमी अक्षरांत छापून निघालें. १६१९ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षाच्या सुमारास, फादर स्टीफन्स गोव्यांत प्रभुचरणीं विलीन झाले. त्यांची कोंकणी भाषेंतील ख्रिस्ती शिकवण १६२२ सालीं व कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं, असे आणखी दोन ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर राशोलच्याच छापखान्यांतून बाहेर पडले. ख्रिस्तपुराणहि १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें.

यापुढची कथा त्यांच्या ग्रंथाची आहे, परंतु ती सांगितल्यावांचून त्यांचें चरित्र पुरें होत नाहीं. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयानें लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढिला. देशी भाषांतील लेखनाची उपेक्षा झाली, व ख्रिस्तपुराणाच्या त्या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो लोकांच्या हातांनीं केलेल्या नकलांमुळें व लोकांच्या कंठामुळें. गोमंतक सोडून दक्षिणेस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो मंगळूरकडे नेला. तेथें उपवासकाळांत व घरगुती प्रसंगीं त्याच्या ओव्या गाइल्या जात. तेथील हस्तलिखितांवरून १९०७ सालीं जोसेफ सालढाणा यांनीं रोमी लिपींत त्याची नवी आवृत्ति काढिली. पुढें विल्यम मार्सडन यांच्या संग्रहांतील देवनागरी हस्तलिखित लंडन येथें असल्याचें, मराठी संतवाङ्मयाचे अभ्यासक जस्टिन ॲबट यांनीं १९२० नंतरच्या दशकांत विद्वानांच्या नजरेस आणिलें. १९५६ सालीं पुण्यांत शांताराम बंडेलू यांनीं व १९९६ सालीं मुंबईंत कॅरिदाद द्रागो यांनीं ग्रंथ देवनागरींत प्रसिद्ध केला. येणेंप्रमाणें ३४० वर्षांनीं मराठी वाचकांस मराठी पुराण मराठी अक्षरांत छापील मिळालें.

आज आपल्यांतील कित्येक तरुण शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं इंग्लंडांत जातात. लंडनचीं प्रेक्षणीय स्थळें तर ते पाहतातच. परंतु एखाद्या सुटीच्या दिवशीं त्यांनीं विंचेस्टर, साल्झबरी व जमल्यास क्लिफ पायपर्ड येथें जाऊन यावें, अशी आमची शिफारस आहे. हीं तिन्ही मंदिरें आज अँग्लिकन सभेकडे आहेत, व ती सभा त्यांची निगा आस्थेनें राखीत आहे; तेव्हां तेथें पाहुण्याच्या नम्रतेनेंच जावें. विंचेस्टरला विकम यांची समाधि पाहावी. साल्झबरीला खांबांवर हात ठेवून, एका पिढीच्या श्रद्धेनें काय उभें राहूं शकतें, याचा विचार करावा. क्लिफ पायपर्डला अठराव्या शतकांतील थॉमस स्पॅकमन नांवाच्या सुताराचें संगमरवरी स्मारक आहे. त्यानें गांवांतील गरीब मुलांच्या शिक्षणासाठीं आपली संपत्ति ठेविली. त्याच्यासमोर क्षणभर थांबावें, व मग वेदीकडे तोंड करून आपल्या भाषेंत एक प्रार्थना म्हणावी. बुश्टनच्या त्या मुलानें जी भाषा स्वतः शिकून आपली मानिली, त्या भाषेंत तेथें प्रार्थना होणें उचितच आहे.

ज्युबिलीच्या आनंदांत आपण मंदिराच्या भिंतींस रंग देतों, छप्पर दुरुस्त करतों, घंटेस नवी दोरी बांधतों. हें सर्व करावेंच. परंतु फादर स्टीफन्स यांच्या चरित्रापासून आणखी एक बोध घ्यावयाचा आहे. राजे बदलले कीं मंदिराचा ताबा बदलूं शकतो, वेदी हलविली जाऊं शकते, छापील ग्रंथहि नाहींसा होऊं शकतो. परंतु घरांतल्या आईनें मुलास आपल्या भाषेंत सांगितलेली प्रभूची कथा कोणत्याहि हुकुमानें पुसली जात नाहीं. आज आपल्या किती घरांतून सायंकाळची प्रार्थना मराठींत होते, किती मुलांस ख्रिस्तपुराणांतील दहा ओव्या तरी म्हणतां येतात, हें प्रत्येक कुटुंबानें आपल्या मनाशीं तपासून पाहावें. या ज्युबिली वर्षांत दर रविवारीं घरच्या प्रार्थनेंत त्या पुराणाच्या दहा-वीस ओव्या वाचण्याचा नेम धरला, तर त्या थोर पुरुषाचें ऋण अंशतः तरी फिटेल. प्रभु परमेश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांति देवो, व आपल्या धर्मग्रामावर त्याची कृपा निरंतर राहो.